तास परदेशातला, परवाना भारतातला

10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. ते शिकले जुहूला, नुकत्याच सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये. परवान्यावर सही होती सर व्हिक्टर ससून यांची. लालबाग-परळच्या ज्या गिरण्या पुढे इंडिया युनायटेड म्हणून ओळखल्या गेल्या, त्यांचे मालक ते हेच ससून. सही केली होती एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्माच्या वतीने, पण परवाना होता आंतरराष्ट्रीय वैमानिकी महासंघाच्या नावाचा. म्हणजे जुहूच्या हवेत काढलेले तास इतर देशांनीही मानावेत, ही अपेक्षा आपल्या पहिल्याच परवान्यात होती. आज नेमका उलटा प्रश्न घेऊन गिरगाव, दादर, परळहून परदेशात राहणाऱ्या आपल्या सभासदांना नातेवाइकांचे फोन येतात: मुलगी किंवा मुलगा तिकडे येऊन शिकला, तर तिथले तास इथे धरतात का?

धरतात. पण ‘धरतात’ म्हणून गप्प बसणे बरोबर नाही, कारण खरी अडचण त्या शब्दाच्या पुढे सुरू होते. भारतात व्यावसायिक परवान्याला 200 तास लागतात, त्यातले 100 प्रमुख वैमानिक म्हणून; एअरलाइनच्या कप्तानाला लागणाऱ्या परवान्याला 1500. मुंबईचे जुहू सहारच्या विमानतळाच्या कुशीत असल्याने बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाणप्रशिक्षण आता धुळ्याला चालते. विमाने थोडी, प्रशिक्षक त्याहून थोडे, वर चार महिने पावसाळा. त्यामुळे विद्यार्थी हवेत कमी आणि रांगेत जास्त असतो. म्हणून घरे परदेशाकडे वळतात. खर्च पन्नास लाखांच्या पुढे जातो आणि पुनर्विकासात नुकता हाती आलेला फ्लॅट बँकेत तारण पडतो. एवढी किंमत देऊन काढलेला तास परतल्यावर कोणत्या मापाने मोजला जाणार, हे निघण्यापूर्वी कळणे हा त्या कुटुंबाचा हक्क आहे.

तास म्हणजे काय, यावरच दोन देशांचे एकमत नाही. अमेरिकेत खाजगी परवाना हाती आलेला विद्यार्थी प्रशिक्षकाला शेजारी बसवून उडाला, तरी सुकाणू त्याच्या हाती असल्याने तो वेळ उड्डाणनोंदीच्या वहीत, म्हणजे लॉगबुकात, ‘प्रमुख वैमानिक’ या रकान्यात लिहू शकतो, आणि तोच वेळ ‘प्रशिक्षण’ या रकान्यातही. दोन मित्र एकत्र उडाले, एकाने डोळ्यांपुढे झापड लावून केवळ उपकरणांवर विमान चालवले आणि दुसऱ्याने बाहेर लक्ष ठेवले, तर ठरावीक अटींवर दोघेही तो तास प्रमुख वैमानिकाचा म्हणून नोंदवतात. तिथे हे पूर्ण कायदेशीर आहे. आपल्या हिशेबात मात्र एका विमानाला एका वेळी एकच प्रमुख, आणि प्रशिक्षक शेजारी बसून शिकवत असेल तर तो प्रमुख. वहीत 120 दिसणारे तास असे तपासता तपासता शंभराच्या खाली येतात. आणखी एक बारीक गोष्ट: अमेरिकन लॉगबुकात 1.3 लिहिले असेल तर तो एक तास अठरा मिनिटे. भारतीय वहीत तास-मिनिटे असतात, आणि घाईत तेच दीड तास म्हणून उतरते. बारा मिनिटांची ही चूक शंभर ओळींत झाली की प्रामाणिक मुलगाही लबाड वाटू लागतो.

यावर पहिला आक्षेप फसवणुकीचा, आणि तो हलका नाही. 2011 साली बनावट गुणपत्रिकांवर एअरलाइनचा परवाना मिळवलेले वैमानिक पकडले गेले तेव्हा देश हादरला होता. पण त्या गुणपत्रिका आपल्याच परीक्षांच्या होत्या, आणि त्याच वर्षी कधी उडालेच नाहीत असे जे तास उघडकीस आले, ते राजस्थानातल्या उड्डाणशाळेतले होते. खोटेपणाला पासपोर्ट लागत नाही. तपासणी कडक हवीच, पण ती दोन्हीकडच्या तासांची, सारख्याच कागदांवर.

दुसरा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो. ॲरिझोनाच्या निरभ्र आकाशातला तास आणि सह्याद्रीच्या अंगावर ढग उतरलेले असतानाचा तास एक कसा? 1 जुलै 2019 च्या रात्री जयपूरहून आलेले विमान मुंबईच्या धो धो पावसात धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि मुख्य धावपट्टी कित्येक दिवस बंद राहिली. आपला पावसाळा वैमानिकाची खरी परीक्षा घेतो, हे निर्विवाद. पण धुळ्या-बारामतीला उड्डाण शिकणारा विद्यार्थीसुद्धा अशा हवेत उडत नाही; ढग उतरले की प्रशिक्षणाचे विमान खालीच उभे राहते. पावसाळी अनुभव दोघांनाही मिळतो तो पुढे, सिम्युलेटरवर आणि अनुभवी कप्तानाच्या शेजारी बसून. मग ही उणीव एकाच्याच वहीतून का वजा करायची? शिवाय निव्वळ तासांचा आकडा किती सांगतो, हेही एकदा पाहावे. 2009 मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान पडले, त्यानंतर तिथे सहवैमानिकालाही 1500 तासांची अट आली. त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास दोन हजारांच्या वर होते.

तिसरा आक्षेप कायद्याचा घेतला जातो. 1944 च्या शिकागो कराराचे 33 वे कलम म्हणते की किमान दर्जा पाळून दिलेला परवाना इतर देशांनी मानावा. 32 वे मात्र प्रत्येक देशाला, आपल्याच नागरिकाने परदेशात घेतलेला परवाना स्वतःच्या आकाशापुरता नाकारण्याची मुभा देते. ही मुभा आहे, सक्ती नव्हे. परदेशी नागरिक असलेला वैमानिक त्याच्या देशाच्या परवान्यावर तात्पुरती परवानगी घेऊन भारतीय कंपनीचे विमान चालवू शकतो. भारतीय मुलीने मात्र पुन्हा परीक्षा, पुन्हा वैद्यकीय तपासणी, पुन्हा चाचणी द्यायची. तिने ती द्यावी. भारतीय नियम आणि हवामान तिला यायलाच हवे. पण परदेशी विमान खात्याकडून तिच्या परवान्याची खातरजमा यायला किती दिवस लागणार, हे कोणी सांगत नाही, आणि तोवर तिची उड्डाणे जुनी होत जातात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने दोन गोष्टी कराव्यात: परदेशी लॉगबुकातला कोणता रकाना भारतात कोणत्या नावाने धरला जाईल याचा तक्ता जाहीर करावा, आणि पडताळणीला मुदत बांधून घ्यावी. यात सुरक्षिततेचा एक मिनिटही कमी होत नाही.

तोवर आपण परदेशात राहणाऱ्यांनी काय करायचे? फोनवर बहुतेकदा विचारले जाते ते स्वस्त शाळा कोणती, राहायची सोय कुठे. त्याआधी सांगावे ते असे की प्रशिक्षकासोबतचा तास आणि एकट्याचा तास पहिल्या दिवसापासून वेगळा लिही, तासाचे दशांश शेजारी मिनिटांत मांड, प्रत्येक पानावर प्रशिक्षकाची सही परवाना क्रमांकासह घे, आणि विमान किती वाजता नेले-आणले याच्या शाळेतल्या नोंदीची प्रत दर महिन्याला मागून ठेव. उड्डाणशाळा बंदही पडतात, आणि मग मुंबईहून गेलेल्या पत्राला उत्तर द्यायला तिथे कोणी उरलेले नसते.