खचणारा त्रिभुज प्रदेश आणि अंबडची वाळू

आंध्र प्रदेशातील कोनसीमा हा गोदावरीच्या मुखाशी वसलेला नारळीबागांचा आणि भातशेतीचा मुलूख. जमीन खचत आहे आणि खारे पाणी शेतात शिरत आहे, ही तेथील शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे. त्यांचे बोट असते ते नैसर्गिक वायूच्या विहिरींकडे. या खोऱ्यात ओएनजीसी १९८० च्या दशकापासून वायू काढत आली आहे. १९९५ मध्ये पासर्लपुडीच्या विहिरीची आग दोन महिन्यांहून अधिक काळ विझली नव्हती, तर २०१४ मध्ये नगरम येथे वायुवाहिनीच्या स्फोटात वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा ठिकाणी या उद्योगाविषयी संशय असणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

हा संशय शास्त्राला सोडूनही नाही. भूगर्भातील सच्छिद्र थरातला वायू काढला की त्या थरातील दाब उतरतो, वरच्या खडकांचा भार कणांवर येतो आणि थर दबतो. कॅलिफोर्नियातील विल्मिंग्टन तेलक्षेत्रावरची जमीन अशा रीतीने सुमारे नऊ मीटर खचली. इटलीत पो नदीच्या मुखाशी मिथेनयुक्त पाण्याचा उपसा १९३८ पासून चालला होता. जमीन काही ठिकाणी तीन मीटरपर्यंत खाली गेल्यावर १९६१ मध्ये तो बंद करावा लागला. अमेरिकेच्या लुइझियाना राज्याने १९३२ ते २०१६ या काळात सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर पाणथळ भूमी गमावली. तेथील काही भागांत जमीन खचण्याचा वेग आणि तेल-वायूच्या उत्पादनाचा चढउतार बरोबर चालल्याचे भूशास्त्रज्ञांना आढळले आहे.

मात्र लुइझियानात तेलाचा दोष जेवढा, तेवढाच मिसिसिपीचा गाळ बांधांनी आणि धरणांनी अडवल्याचाही आहे. त्रिभुज प्रदेशाची जमीन आपल्याच वजनाने थोडीथोडी दबतच असते. दर पुरासोबत येणारा नवा गाळ ती तूट भरून काढतो. गाळ थांबला की खचण्याचे कारण कोणतेही असो, समुद्र आत येतो.

गोदावरीच्या बाबतीत हा हिशेब उपलब्ध आहे. आंध्र विद्यापीठातील हेमा मालिनी आणि नागेश्वर राव यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९७६ ते २००१ या पंचवीस वर्षांत गोदावरीच्या मुखाकडील किनाऱ्यावरची १,८३६ हेक्टर जमीन समुद्राने गिळली. त्रिभुज प्रदेशाकडे येणारा तरंगता गाळ १९७१-७९ मध्ये १५ कोटी टन होता. १९९०-९८ मध्ये तो पावणेसहा कोटी टनांच्या आसपास उतरला. या अभ्यासात किनारा खचण्याचा उल्लेख आहे, पण मुख्य बोट आहे ते वरच्या धरणांवर.

ही धरणे जेथे सुरू होतात, तो भाग आपला. समुद्रतळातून काढलेल्या नमुन्यांवरून गेल्या काही हजार वर्षांत गोदावरीच्या गाळात दख्खनच्या काळ्या मातीचा वाटा वाढत गेल्याचे दिसते. पैठणच्या जायकवाडी धरणाने १९७६ पासून त्यातला मोठा भाग नाथसागरात अडवला आहे. त्याच्या खाली नदी जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्याची दक्षिण सीमा होऊन शहागड, गोंदीवरून वाहते. वाहते म्हणायचे इतकेच. दरवाजे उघडले नाहीत तर पात्रात वाळूच उरते, आणि तीही राहू दिली जात नाही. चोरट्या वाळूच्या बातम्या या तालुक्याला नव्या नाहीत. २०२३ मध्ये राज्य सरकारने सहाशे रुपये ब्रास दराने वाळू देण्याचे धोरण आणले, तेव्हाही चर्चा भावाची झाली, पात्राची नाही.

अंबडची वाळू उपसली म्हणून कोनसीमा बुडते, असे म्हणणे धाडसाचे होईल. मध्ये हजार किलोमीटरचे अंतर आहे, विष्णुपुरी आणि श्रीरामसागर आहेत. जाड वाळू तेथे कधी पोहोचेल, पोहोचेलही की नाही, सांगता येत नाही. तिची पहिली झळ अंबडलाच बसते. पात्रातील वाळू पुराचे पाणी धरून काठच्या विहिरींना पुरवते. ती गेली की विहिरी लवकर आटतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा टँकरची मोजदाद रोज होत होती. पात्राची खोली मात्र कोणी विचारली नाही.

गोदावरी जलविवाद लवादाने १९८० मध्ये राज्याराज्यांत वाटणी केली ती पाण्याची. पैठणच्या वरचे पाणी महाराष्ट्राकडे आले. त्या पाण्याबरोबर गाळही आला, याचा विचार वाटणीनंतरच्या इतक्या वर्षांत कोणत्याही राज्याने गंभीरपणे केलेला नाही. वायूच्या विहिरींचा हिशेब मागण्याचा कोनसीमेचा हक्क निर्विवाद आहे, आणि ओएनजीसीने जमिनीच्या पातळीच्या मोजण्या लोकांपुढे ठेवल्याच पाहिजेत. पण तोच प्रश्न वरच्या राज्यांनाही लागू पडतो.

केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लिलावापूर्वी पात्रात वाळू दरवर्षी किती परत भरते, याचा अभ्यास अपेक्षित आहे. पैठणच्या खाली हे भरणे जायकवाडीच्या विसर्गावर अवलंबून आहे. २००६ सारखा पूर दरवर्षी येत नाही. ज्या वर्षी दरवाजे उघडलेच नाहीत, त्या वर्षी अंबड तालुक्यातील एकाही घाटाचा लिलाव होता कामा नये.