धोका समुद्रातून आला, वाट मात्र आपण दिली

मी श्रीवर्धन तालुक्यातला. शेखाडीचा विषय निघाला की आजही काही जण माझ्याकडे जरा निरखून पाहतात. फेब्रुवारी १९९३ मध्ये याच किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत एकामागून एक स्फोट झाले. २५७ माणसं गेली. स्फोटाने कोणाचाही धर्म विचारला नाही.

सीमेपलीकडच्या दहशतवादावर बोलताना आपण दुबई आणि कराचीकडे बोट दाखवतो. ते चूक नाही. कट तिकडे शिजला. पण माल शेखाडीहून मुंबईला गेला तो आपल्याच रस्त्याने. पुढे विशेष टाडा न्यायालयाने कस्टम आणि पोलीस खात्यातल्या काही जणांनाही दोषी ठरवलं. या किनाऱ्यावर सोन्या-चांदीच्या तस्करीकडे आधीपासून काणाडोळा होत होता. हप्ता घेणाऱ्याने पोत्यात काय आहे हे पाहिलं नाही. चांदीसाठी पडलेल्या वाटेने स्फोटकं आली.

आपणही स्वतःला सोडू नये. माल उतरवणाऱ्यांत मुसलमान होते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत आपल्यावर काय गुदरलं, ते श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं आहे. त्या अहवालावर पुरेशी कारवाई झाली नाही, ही तक्रार रास्तच आहे. पण त्या जखमेचं नाव घेऊन निरपराधांचे जीव घेणाऱ्यांनी आपल्याला न्याय दिला नाही. आणखी एक कलंक तेवढा दिला.

२००८ मध्ये दहा जण पुन्हा समुद्रातूनच आले. ‘कुबेर’ ही मच्छीमार बोट त्यांनी ताब्यात घेतली आणि तिच्यावरच्या खलाशांचे जीव घेतले. मुंबईत उतरताना त्यांना पहिल्यांदा हटकलं ते कोळी वस्तीतल्या लोकांनी, रडारने नव्हे. मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना मुंबईच्या मुसलमानांनी आपल्या कब्रस्तानात जागा नाकारली. तो निर्णय कोणा सरकारने सांगितला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. गस्तीच्या बोटी हव्यात, देशादेशांत माहितीची देवाणघेवाणही हवी. पण किनाऱ्यावर पहिला पहारा तिथे राहणाऱ्या माणसाचा असतो. अनोळखी बोट दिसली तर तो पोलीस ठाण्यात जाईल का, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

तो जाईल का? मालेगावात २००६ मध्ये शब-ए-बारातच्या दिवशी स्फोट झाले, मेले बहुतेक मुसलमान आणि पकडले गेले तेही मुसलमान तरुण. २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. कोवळी वर्षं गेली ती गेलीच. हे पाहिलेला बाप मुलाला सांगतो, “काही दिसलं तरी गप्प राहा, उगाच आपल्यालाच अडकवतील.” या एका वाक्यात जेवढा धोका आहे, तेवढा बिगरनोंदणीच्या बोटीतही नसेल.

पोलिसांनी माहिती देणाऱ्याला आरोपी समजू नये. जमातीच्या मंडळींनीही तस्करीच्या पैशातून आलेली देणगी नम्रपणे परत करावी. सुरुवात मी माझ्याच गावापासून करायला सांगतो आहे. ते पैसे कुठून येतात, हे आपल्या गावांत सर्वांना ठाऊक असतं.