आद्याक्षरांच्या आड हरवलेला अर्थ

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्ये किमान पाचवीपर्यंतचे शिक्षण शक्य तेथे मातृभाषेतून व्हावे, असा आग्रह धरला. स्वभाषेच्या दृष्टीने ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु त्या धोरणाच्या अंमलबजावणीची भाषा कोणती? मुलांना वाचता-लिहिता यावे, साधी गणिते करता यावीत, या कार्यक्रमाचे नाव ‘एफएलएन’. नियतकालिक मूल्यांकन चाचणी वृत्तपत्रांत ‘पॅट’ होऊन अवतरते. महाविद्यालयात ‘एफवाय’ आणि ‘एटीकेटी’ स्वागताला उभे असतात. ‘निपुण’ आणि ‘दीक्षा’ ही नावे तरी आपली वाटावीत, तर तीही इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवूनच घडवलेली!

येथे प्रश्न इंग्रजीच्या द्वेषाचा नाही, अर्थबोधाचा आहे. ‘पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान’ म्हटले की अल्पशिक्षित मातेलाही विषय उमगतो. ‘एफएलएन’ ही तीन अक्षरे तिला काहीच सांगत नाहीत. जे कळतच नाही, त्याविषयी ती शाळेला जाब कसा विचारणार? आपल्या मुलाला वाचता येते की नाही, हे जाणून घेण्याचा तिचा अधिकार त्या तीन अक्षरांच्या दाराशीच अडतो.

वृत्तपत्रे जागेची सबब पुढे करतात. मथळ्यात ‘मुख्यमंत्री’ मावत नाहीत, म्हणून ‘सीएम’ येतात. पण ‘मनपा’, ‘झोपु’, ‘मविआ’ हे सुटसुटीत संक्षेप मराठी पत्रसृष्टीनेच रुळवले ना? संक्षेप हा काही इंग्रजीचा मक्ता नव्हे. आणि ‘मनपा’चा उलगडा विचारला, तर उत्तर मराठीतच मिळते.

छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून घेतला, तो राज्यकारभारात स्वभाषेची प्रतिष्ठा व्हावी म्हणूनच. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दिलेले ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे शब्द आज कोणालाही अवघड वाटत नाहीत. शब्द वापराने सोपा होतो, टाळल्याने नव्हे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो दर्जा व्यवहारात उतरवण्याचे काम मात्र आपले आहे. शिक्षकांनी पालकसभेत प्रत्येक योजनेचे पूर्ण मराठी नाव सांगावे. संपादकांनी बातमीत प्रथम उल्लेख तरी मराठीतून करावा. आणि पालकांनी संकोच न बाळगता एकच प्रश्न विचारावा, “याला मराठीत काय म्हणतात?” हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला, तर उत्तर देणाऱ्यांना मराठी शब्द शोधावेच लागतील.