सातवी संस्कृती विकत का घेऊ नये

'सिव्हिलायझेशन' या संगणकीय खेळाचा सातवा भाग ११ फेब्रुवारी २०२५ रोजी बाजारात आला. तो घ्यावा की न घ्यावा, असा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकांना कोणी विचारणार नाही, अशी आमची समजूत होती. परंतु साहित्यसिद्धान्ताच्या तासाला वाचकाच्या सहभागाची चर्चा चालू असताना आमच्यापैकी एकाने आपण हा खेळ तिसऱ्या भागापासून खेळत आलो आहोत अशी कबुली देऊन टाकली, आणि तास संपल्यावर एका विद्यार्थ्याने नेमका तोच प्रश्न विचारला. शिक्षककक्षात ही हकिकत सांगितली तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "पोरांचे खेळ पोरांना खेळू द्या, तुम्ही आपले संतवाङ्मय सांभाळा." प्रस्तुत लेख त्या दोघांनाही उद्देशून आहे. विद्यार्थ्याला आमचे उत्तर, घेऊ नकोस. सहकाऱ्यांना आमचे म्हणणे एवढेच की, 'घेऊ नये' हा निर्णय वाचल्यावाचून देण्याचा अधिकार समीक्षकाला नसतो. आणि हा खेळ वाचण्याजोगा आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी १९९१ साली त्याचा पहिला भाग केला. बुद्धिबळाप्रमाणे पाळीपाळीने खेळायचा हा डावपेचांचा खेळ. आपण एक संस्कृती निवडायची, ओसाड नकाशावर पहिले नगर वसवायचे आणि काही हजार वर्षे राज्य वाढवीत न्यायचे. 'अजून एकच खेळी' असे म्हणत रात्र सरते, ही त्याची ख्याती आहे. कादंबरीचे 'अजून एकच प्रकरण' ज्यांनी अनुभवले असेल त्यांना हा मोह परका वाटू नये. या प्रकारच्या खेळांना इंग्रजीत चार क्रियापदांवरून एक नाव पडले आहे, ते १९९३ साली अ‍ॅलन एमरिच यांनी दिले: शोधा, पसरा, पिळा, संपवा. नाव देणाऱ्याचा हेतू थट्टेचाच असावा. परंतु एखाद्या साहित्यप्रकाराची इतकी नेमकी व्याख्या आमच्या पाठ्यपुस्तकांतून क्वचितच आढळते.

सातव्या भागावर जगभर जी टीका झाली ती बहुतांशी पडद्याच्या मांडणीवर आणि किमतीवर झाली. किंमत खरोखरच मोठी. अमेरिकेत मूळ आवृत्ती ७० डॉलरला आणि सर्वांत भरगच्च आवृत्ती १३० डॉलरला निघाली. मांडणीतल्या उणिवा पुढे बऱ्याच दुरुस्त करण्यात आल्या, म्हणून त्यावर शब्द दवडत नाही. पैशांविषयी मात्र एक नोंद केल्यावाचून राहवत नाही. प्रकाशनाच्या दिवशी या खेळात ग्रेट ब्रिटन नव्हते. ते मार्च २०२५ मध्ये वेगळे मोल घेऊन देण्यात आले. ज्या जिल्ह्यात जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांना निघून जाण्यास सांगणारा ठराव केला, त्या वर्धा जिल्ह्यातील खेळाडूने पदरचे पैसे मोजून इंग्रजांना बोलावून आणायचे, हा विनोद कंपनीने समजून केलेला नाही. असो.

या भागाचा मुख्य दावा असा आहे की, इतिहास थरांनी बनतो. म्हणून प्राचीन युग, शोधयुग आणि आधुनिक युग असे तीन भाग पाडले आहेत आणि युग पालटले की खेळाडूची संस्कृतीही पालटते. मौर्य असाल तर पुढे चोळ व्हा, मग मुघल व्हा. नेताही संस्कृतीपासून सुटा केला आहे; अशोकाने रोमवर राज्य करावे, याला काही आडकाठी नाही. (एकच संस्कृती शेवटपर्यंत नेता यावी अशी मागणी खेळाडूंनी लावून धरल्यावर कंपनीने पुढे त्या दिशेने पावले टाकली. मूळ रचना मात्र हीच.) ही कल्पना यापूर्वी २०२१ साली 'ह्यूमनकाइंड' या खेळाने वापरून झाली होती, हे सोडून देऊ. तत्त्वतः आमचा तिला विरोधही नाही. नालवाडीहून पवनारला जायला फार वेळ लागत नाही. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांची प्रवरपूर ही राजधानी म्हणजे हेच पवनार, असे प्रतिपादन केले. तेथेच धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे आणि त्याच्या उभारणीच्या वेळी जमिनीतून निघालेल्या जुन्या मूर्ती तेथे जपलेल्या आहेत. थर म्हणजे काय हे आम्हांस डोळ्यांनी दिसते. पण पवनारचा खालचा थर वरच्या थराला मधूनच अडवतो. कुदळ मारली की मूर्ती लागते आणि मग त्या मूर्तीचे काय करायचे ते ठरवावे लागते. खेळातील युगान्ताला असे काही आडवे येत नाही. जुन्या काही इमारती आणि परंपरांचे लाभ पुढे येतात, पण ते लाभ म्हणूनच येतात, आकड्यांच्या रूपाने. ऋण म्हणून, ओझे म्हणून, लाज म्हणून मागचे काहीच पुढे येत नाही. असल्या बदलाला थर म्हणत नाहीत, वेशांतर म्हणतात.

येथे आमच्या तरुण मित्रांचा एक आक्षेप विचारात घेणे भाग आहे. प्रकाशनाच्या वेळी भारताच्या वाट्याला मौर्य, चोळ आणि मुघल अशा तीन संस्कृती होत्या. मग मराठे कोठे आहेत? आधुनिक युगात मुघल आणि अठरावे शतक गाजवणारे मराठे गायब, हा त्यांचा संताप आम्हांस समजतो. पुढे झाशीच्या राणी लक्ष्मीबाई, म्हणजे तांब्यांची मनकर्णिका, या खेळात आल्या. त्याही वेगळे पैसे मोजणाऱ्यांसाठी. परंतु मराठे आले असते तरी कोणत्या रूपाने आले असते? घोडदळाला जादा बळ, किल्ल्याला जादा भिंत, चौथाईचे जादा सोने. त्या आकड्यात शिवकाल सापडेल असे ज्यांना वाटते त्यांनी ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयी आपण वर्गात काय बोलतो ते आठवावे. कोणाचे चित्र आहे याहून चित्र काढणाऱ्याचा हिशेब काय आहे, हा प्रश्न मोठा असतो.

आणि त्या हिशेबापाशीच गांधींचे प्रकरण येते. पहिल्या भागापासून सहाव्यापर्यंत गांधी या खेळात होते. सातव्याच्या प्रकाशनावेळी ते नव्हते. मध्यंतरी त्यांच्याविषयी एक दंतकथा रूढ झाली. ती अशी: १९९१ च्या खेळात प्रत्येक नेत्याच्या आक्रमकतेला एक आकडा दिलेला होता, गांधींचा सर्वांत कमी, १. भारताने लोकशाही स्वीकारली की त्यातून २ वजा होत. त्या मोजमापाला उणे संख्या ठाऊक नसल्यामुळे काटा मागे फिरून थेट २५५ वर जाई, आणि अहिंसेचा पुजारी जगावर अणुबॉम्ब टाकू लागे. कथा सुबक आहे, पण खरी नाही. खुद्द सिड मायर यांनी २०२० च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात ती नाकारली. दुसऱ्या भागाचे रचनाकार ब्रायन रेनॉल्ड्स यांच्या सांगण्यानुसार पहिल्या खेळात आक्रमकतेच्या तीनच पायऱ्या होत्या आणि गांधींच्या पायरीवर इतरही अनेक नेते बसलेले होते. मात्र २०१० च्या पाचव्या भागात जॉन शेफर यांनी गांधींना अण्वस्त्रांची ओढ मुद्दाम लावून दिली, ती गंमत म्हणून. सहाव्यातही ती टिकली.

सेवाग्रामपासून हाकेच्या अंतरावर शिकणारी मुले ही कथा बापूकुटीच्या इतिहासाहून अधिक खात्रीने सांगतात, हे आम्ही वर्गात ऐकले आहे. त्यावर नाके मुरडून भागणार नाही. महिपतींच्या संतचरित्रांतील चमत्कार खरा की खोटा, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आपण सांगतो की, बाबा, ही गोष्ट लोकांना का हवी होती ते विचार. तोच प्रश्न येथे विचारावा. ज्या व्यवस्थेत प्रत्येक चाल म्हणजे काहीतरी घेणे, तिच्यात न घेणारा माणूस बसवायचा कसा? तो एक तर दुबळा ठरतो, नाहीतर ढोंगी. दुबळा गांधी कंटाळवाणा; म्हणून ढोंगी गांधी जन्माला घातला गेला आणि त्याच्यावर जगभर हशा पिकला. ही चूक यंत्राच्या बेरीज-वजाबाकीत कधी झालीच नव्हती. ती खेळणाऱ्यांच्या कल्पनाशक्तीने भरून काढलेली नियमांतली पोकळी आहे.

न्यायाची गोष्ट अशी की, २०१६ च्या सहाव्या भागाने ही पोकळी भरण्याचा एक ओबडधोबड प्रयत्न केला होता. तेथे गांधींच्या गुणाचे नावच 'सत्याग्रह' आहे, आणि त्यांच्याशी युद्ध करणाऱ्याच्या स्वतःच्या प्रजेत अधिक असंतोष माजतो. नियम ढोबळ आहे, पण त्यात एक कळ गवसली होती: प्रतिपक्षाच्या मनात होणारा बदल हीही एक चाल असू शकते. पुढचा भाग म्हणवणाऱ्या कृतीने ही कळ पुढे न्यायची की नाही? सातव्या भागाने गांधींनाच पटावरून उचलून ठेवले. आणि आधुनिक युगात लष्करी मार्गाने जिंकायचे असेल तर अखेरची कामगिरी कोणती, तर 'ऑपरेशन आयव्ही', म्हणजे १९५२ साली अमेरिकेने केलेली हायड्रोजन बॉम्बची चाचणी. गांधी गेले, बॉम्ब राहिला. तोही आता विनोद म्हणून नव्हे, विजय म्हणून.

एका बाबतीत हा भाग मागच्या सर्वांहून खरा आहे, हे मान्य केले पाहिजे. आजवर या खेळात नगरेच असत, गाव नव्हतेच. सातव्यात प्रथमच नवी वस्ती 'टाउन' म्हणून सुरू होते. ती स्वतः काही घडवत नाही. तिथल्या श्रमाचे सोने होते आणि ते राजाच्या तिजोरीत जाते. तिला एखादे विशेष काम नेमून दिले की तिची वाढ थांबते आणि तिचे धान्य जोडलेल्या शहरांना जाऊ लागते. तिला शहर करायचे तर सोने मोजावे लागते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हा खेळ नालवाडीतच, एका माजी विद्यार्थ्याच्या घरी त्याच्याच संगणकावर खेळलो. त्याने कौतुकाने एका वस्तीचे नाव 'नालवाडी' ठेवले आणि शेजारच्या नगराचे 'वर्धा'. मग नालवाडीला शेतीचे काम नेमून दिले. नालवाडी वाढायची थांबली आणि वर्धा फुगू लागले. आम्ही खिडकीबाहेर पाहिले. शेतांचे ले-आउट झालेले, गाव कोठे संपते आणि शहर कोठे सुरू होते हे सांगता येऊ नये अशी अवस्था. वर्धा शहर तरी मूळचे काय? १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी ते वसवले गेले. अमेरिकेतील यादवीच्या दिवसांत हिंगणघाटच्या कापसावर इंग्रजांची नजर वळली होती, आणि १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. खेळात मात्र नगर वसवणारा षटकोन नेहमी रिकामाच असतो. पालकवाडी कधीच आडवी येत नाही.

या हिशेबाला दुसरा हिशेब मांडून पाहण्याचे काम याच परिसरात झाले होते. 'गीताई' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १९३२ मध्ये, विनोबा नालवाडीत राहायला आले आणि केवळ सूतकताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, हे त्यांनी स्वतःच्या देहावर तपासले. गोपाळराव वाळुंजकरांनी येथे चर्मालय चालवले. मेलेल्या जनावराचे कातडेच नव्हे, तर हाड आणि मांसही वाया न जाऊ देता गावाच्या उपयोगी कसे पडेल, हा तेथला प्रश्न होता. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा खेड्यांतून शहराकडे वाहणाऱ्या संपत्तीची मीमांसा करीत होते. पुढे १९५१ पासून विनोबा जमीन मागत पायी हिंडले. हे प्रयोग पुरते यशस्वी झाले असे आम्ही म्हणत नाही. चर्मोद्योगाचे पुढे काय झाले आणि भूदानातील किती जमीन कसण्याजोगी निघाली यावर कडवट लिहिता येईल, आणि लिहिले गेलेही आहे. पण त्या चाली होत्या. न घेण्याच्या, परत देण्याच्या, मागून मिळवण्याच्या. गाव शहराला धान्य पाठवते हे या खेळाने अचूक पाहिले. गावाने 'पाठवणार नाही' म्हटले तर काय, यासाठी पटावर बंड आणि असंतोष याखेरीज खूण नाही. आणि असंतोष तेथे एक बिघाड आहे, जो इमारती बांधून दुरुस्त करायचा असतो.

आमचा मित्र म्हणाला, "सर, तुम्ही खेळाकडून फार मागता." शक्य आहे. परंतु ७० डॉलर मागणाऱ्याकडून काही मागू नये, हे आम्हांस पटत नाही. ज्या रकमेत मराठी विभागाच्या ग्रंथालयात कपाटाचा एक कप्पा भरेल, ती रक्कम जुनाच हिशेब नव्या पोशाखात पाहण्यासाठी का द्यावी? नवा भाग नवा केव्हा म्हणायचा, तर त्यात एक तरी नवी चाल शक्य झाली असेल तेव्हा. चित्रे देखणी आहेत, संगीत उत्तम आहे, नद्यांतून नौका चालवण्याची सोय सुखावह आहे. हे सारे खरे.

विद्यार्थ्याला आम्ही पुढीलप्रमाणे सांगितले. सहावा भाग सवलतीत पुष्कळ स्वस्त मिळतो, तो घे आणि गांधी निवडून शेवटपर्यंत खेळ. तेही पैसे नसतील तर 'फ्रीसिव्ह' उतरवून घे. डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यात सुरू केलेला हा खेळ फुकट आहे आणि त्याचे नियम कोणालाही उघडून बदलता येतात. पालकवाडीसाठी एखादा नियम त्यात लिहून दाखवलास तर अंतर्गत मूल्यमापनात तो निबंधाऐवजी स्वीकारू, असे आम्ही त्याला कबूल केले आहे. ज्येष्ठ सहकाऱ्यांची त्याला अद्याप संमती मिळालेली नाही.