वसईच्या तहात होळकर कुठे होते?

पालघर जिल्ह्यातल्या वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी झालेला तह आपण शाळेत पाठ करतो आणि सारा दोष पेशवा दुसऱ्या बाजीरावाच्या भित्रेपणावर टाकून मोकळे होतो. खरी खोट तहातच होती. ज्याच्या फौजेमुळे तो करावा लागला, त्याला त्यात जागाच नव्हती. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा धुव्वा उडवला. त्यांच्या मागण्या काही आभाळातल्या नव्हत्या: शिंद्यांच्या कैदेतला पुतण्या खंडेराव सुटावा, होळकरांची दौलत परत मिळावी. (भाऊ विठोजीला आदल्या वर्षी पुण्यात हत्तीच्या पायी दिले होते, ती जखम वेगळीच.) बाजीरावाने त्यांच्याशी बोलणे टाळून इंग्रजांना गाठले. सहा पलटणी कायमच्या आल्या, त्यांच्या खर्चापायी २६ लाखांचा मुलूख गेला आणि परराज्यांशी बोलणेही ईस्ट इंडिया कंपनीला विचारूनच करायचे ठरले. गादी परक्या पलटणी राखणार म्हटल्यावर धन्याला सरदारांची मनधरणी करायची गरज उरत नाही. सरदारांनाही त्याचा हुकूम मानायचे कारण राहत नाही. पुढच्याच वर्षी इंग्रजांशी असईची लढाई झाली, भोसले आणि शिंदे यांनी डिसेंबरात आपापले वेगळे तह केले, होळकर १८०५पर्यंत एकटेच लढले. बेकार झालेले कितीतरी शिपाई पेंढाऱ्यांना जाऊन मिळाले.

यावर कोणी म्हणेल, पुण्याच्या सावकारांना पिळून काढणाऱ्या होळकरांशी बसायचे म्हणजे लुटीला बक्षीसच. आक्षेप खोटा नाही. पण बंदूकवाल्याशी बसल्याने काय होते, ते अलीकडेही दिसले आहे. नेपाळने २००६मध्ये माओवाद्यांशी करार केला, सुमारे १९ हजार लढवय्ये छावण्यांत आले, २००८च्या निवडणुकीत तोच पक्ष सर्वांत मोठा ठरला; युद्धातल्या अत्याचारांचा न्याय मात्र रखडला. ही किंमत मोठीच, पण देश पुन्हा यादवीत गेला नाही. दोहात २०२०मध्ये वसईच्या उलट घडले. अमेरिकेने बंदूकवाल्या तालिबानशी करार केला आणि काबूलच्या सरकारला बाहेर ठेवले. दीड वर्षात ते सरकार कोसळले. परक्या फौजेचा आधार काढायचा करार झाला होता. सत्ता वाटून घ्यायची बोलणी पुढे ढकलली होती.

बाजीरावापुढे दुसरा मार्गच नव्हता, असेही म्हणतात. पण पेशव्यांनी त्याच वसईत पूर्वी वेगळा मार्ग काढला होता. जानेवारी १७३९मध्ये पहिल्या बाजीरावाचे भाऊ चिमाजी अप्पा यांनी पोर्तुगीजांकडून तारापूरचा किल्ला घेतला तेव्हा मराठा सरदार बाजी भिवराव तिथे पडले होते. तरी मे महिन्यात वसईच्या पोर्तुगीजांना हत्यारांनिशी बाहेर पडू दिले, राहणाऱ्यांना त्यांचा धर्म पाळू दिला. परक्या शत्रूशी अशा अटी ठरवणाऱ्या पेशव्यांना ६३ वर्षांनी घरच्या सरदाराशी बोलता आले नाही.