पोर भट्टीवर का जातं?

दर जूनला साहेब लोक पाड्यावर येतात, पटावर पोरांची नावं चढवतात. दिवाळी सरली की निम्मा वर्ग ओस. मग तेच साहेब म्हणतात, "आदिवासींना शिक्षणाची गोडी नाही, पोरांना कामाला जुंपतात."

आम्ही विचारतो, जून ते दिवाळी तीच पोरं शाळेत बसतात ना? मग गोडी काय दिवाळीलाच आटते?

खरं कारण जमिनीत आहे. प्लॉट बापजाद्यांपासून आपण कसतो, पण सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून सोसायटी कर्ज देत नाही. बांध घालायला गेलं की गार्ड उभा राहतो. पिकतं ते वर्षभर पुरत नाही. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम उचल देतो. ती फेडायला दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची घरंच्या घरं भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर जातात. लहान पोराला मागं ठेवायचं कुणाकडं?

भट्टीवर मजुरी हजार विटांवर. वहीत नाव बापाचं. पण विटा उलटवायला, वाहायला पोरांचे हात, आणि तान्ह्याला सांभाळायला आठ वर्षांची बहीण. या हातांचा दाम कुणी देत नाही. ते फुकट मिळतात म्हणूनच हजाराचा भाव वाढत नाही. नवरा-बायकोच्या कामात घर चालेल असा भाव मालकाला द्यावा लागला, तर पोराला मातीत कोण घालील?

सरकार म्हणतं, कायदा आहे. आहे ना! १९८६ चा बालमजुरीचा कायदा. २०१६ पर्यंत त्यात काही ठराविक धंद्यांतच बंदी होती, शेतमजुरीला नव्हती. घरच्या माणसांच्या मदतीने चालणाऱ्या कारखान्याला तर सूटच होती. घटनेनं सांगितलं होतं, दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांच्या आतल्या सगळ्या पोरांना मोफत शिक्षण. १९६० कधीच गेलं.

आपल्यातलेही काही म्हणतात, "शिकून काय होतं? शिकलेला पण घरीच बसलाय." भावांनो, बायांनो, नोकरीचं सोडा. मुकादमाची वही कोण वाचणार? उचल किती, विटा किती, कापले किती, हे वाचता येत नाही म्हणून हिशोब फिटत नाही, आणि पुढल्या साली पुन्हा तीच भट्टी. आज शाळा सुटलेलं पोर उद्या उचल घेणारा बाप होतं. मालकाला हेच पाहिजे. आणि पोरगी वही वाचायला लागली तर त्याला जास्तच जड जाईल. म्हणून पोरींना आधी बसवा.

तेव्हा शाळेची मागणी आणि जमिनीची मागणी वेगळी नाही. आमचं म्हणणं असं:

१) २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीची कसणूक कायम करता येते, असं केंद्र सरकारनं १९९० साली कळवलं होतं. मग प्लॉट नावावर करा.

२) रोजगार हमीचा कायदा १९७९ पासून लागू आहे. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर भत्ता द्या. काम पाड्याजवळ आणि दिवाळीनंतर लगेच काढा.

३) भट्टीवर हजाराचा भाव वाढवा, हिशोब लेखी द्या.

४) जिथं भट्टी तिथं शाळा, आणि परत आल्यावर पोराचं नाव पटावर तसंच राहिलं पाहिजे.

प्रत्येक पाड्यावर बैठक घ्या. किती घरं जातात, किती पोरं शाळा सोडतात, ते लिहून काढा. कामाच्या मागणीचे अर्ज भरा, पोच घेतल्याशिवाय हलू नका. ही यादी घेऊन तहसीलवर जाऊ.

जमीन आमच्या नावावर, पोर शाळेच्या पटावर!