एकाच गळ्याचे समूहगान

१९४८ साली अमेरिकेत गाजलेल्या ‘कन्फेस’ या गीताच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी साथीला गाणारे गायक मिळण्याजोगे नव्हते, म्हणून पॅटी पेज या गायिकेने आपली साथ आपणच केली. आधी मुद्रित झालेला आपला आवाज ऐकत तिने त्यावर दुसरा आवाज चढविला. अडचणीपोटी निघालेल्या या युक्तीला पुढे चांगले दिवस आले. लेस पॉल व मेरी फोर्ड या दांपत्याने १९५१ साली ‘हाऊ हाय द मून’ या गीतात तिचा मनसोक्त वापर केला. १९७५ साली इंग्लंडमधील ‘टेन सीसी’ या चमूने तर आपल्या तीन गायकांकडून सप्तकातील एकेक स्वर सोळा सोळा वेळा गाऊन घेतला. म्हणजे एका स्वरामागे अठ्ठेचाळीस आवाज झाले, आणि सगळे मिळून सहाशेच्या वर. ‘आय अ‍ॅम नॉट इन लव्ह’ या गीतामागे धुक्यासारखा जो गायकवृंद पसरलेला ऐकू येतो, तो या तिघांचाच होय.

त्या काळी यासाठी ध्वनिमुद्रणगृह आणि पैसा लागे. आज एक संगणक, एक मायक्रोफोन, कानावर हेडफोन आणि प्रतिध्वनी मारण्यासाठी भिंतीवर टांगलेली गोधडी एवढ्यावर काम भागते. लंडनच्या जेकब कॉलियर या तरुणाने आपल्या घरातील खोलीत एकट्याने गाऊन-वाजवून सिद्ध केलेला ‘इन माय रूम’ हा संग्रह २०१६ साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी त्यातील दोन गीतांच्या स्वररचनेला ग्रॅमी पारितोषिके मिळाली.

ही सारी यंत्राची करामत आहे, यात गायकाचे कर्तृत्व काय, असे नाक मुरडणारे रसिक आहेत. त्यांचा आक्षेप मुळातच चुकीचा आहे. एकदा गायिलेली ओळ यंत्राकडून दहा वेळा उतरवून घेऊन एकावर एक ठेवली, तर दहा गायक मुळीच उभे राहत नाहीत. तोच एक आवाज मोठा होतो, एवढेच. समूहाचा भास होण्यासाठी दहाही वेळा ती ओळ नव्याने गावी लागते. कारण कोणीही माणूस तीच ओळ दोनदा अगदी तशीच गाऊ शकत नाही. स्वर केसभर चढा किंवा उतरा लागतो, अक्षर क्षणभर आधी किंवा नंतर पडते. या सूक्ष्म तफावतीतूनच कानाला ‘अनेक’ ऐकू येतात. दोनदा गाण्याचा हा कंटाळा बीटल्सनाही येई. तो टाळण्यासाठी लंडनच्या अ‍ॅबी रोड येथील तंत्रज्ञ केन टाउन्सेंड यांनी १९६६ साली ध्वनिफितीच्या साहाय्याने दुसरा आवाज आपोआप निर्माण करण्याची सोय केली. ती उपयुक्त ठरली खरी. पण तिने एका गायकाचा आवाज भरदार होतो, गायकवृंद होत नाही.

घरी हा प्रयोग करणाऱ्याला पहिल्याच दिवशी काही गोष्टी कळून चुकतात. दहा वेळा गायिलेल्या ओळीच्या शेवटी ‘स’ आला, तर दहा साप एकामागून एक फुत्कारतात. म्हणून शेवटचे व्यंजन एकाच फेरीत स्पष्ट म्हणायचे आणि उरलेल्या नऊ फेऱ्यांत गिळायचे. श्वास दरवेळी निराळ्या जागी घ्यायचा, म्हणजे ओळ अखंड वाहते. काही फेऱ्यांत मायक्रोफोनपासून दोन पावले मागे सरायचे, आकार कधी मोकळा तर कधी मिटता लावायचा. इतके करूनही एक खोट राहतेच. प्रत्येक गळ्याची घडण निराळी असते आणि तिचे गुणदोष प्रत्येक फेरीत त्याच जागी उमटतात. आवाजात किंचित नाकाचा गुण असेल, तर तो दहापटीने साचतो. एका अवघड जागी स्वर उतरण्याची खोड असेल, तर दहाही आवाज तेथेच उतरतात. खऱ्या समूहात एकाचा उतरलेला स्वर शेजाऱ्याच्या चढ्या स्वरात मुरून जातो. एकट्याच्या समूहाला जी काचेसारखी चकाकी येते, ती अशी आहे. काही गीतांना ती शोभते. सर्वांना शोभेल असे नाही.

हिंदी चित्रपटसंगीतात राहुल देव बर्मन यांनी याच युक्तीचा वेगळ्या हेतूने उपयोग केला. ‘बहारों के सपने’ (१९६७) मधील ‘क्या जानूँ सजन’ या गीतात लता मंगेशकर यांचा आणि ‘इजाजत’ (१९८७) मधील ‘कतरा कतरा’ या गीतात आशा भोसले यांचा आवाज त्यांच्याच आवाजावर अलगद येऊन पडतो. तेथे समूहाचा आव नाही. एकच मन आपल्याशी बोलते आहे, आणि त्यासाठी दुसरा गळा चालला नसता. तंत्र आणि आशय यांची अशी गाठ क्वचितच पडते.

प्रश्न निर्माण होतो तो हा आवाज माणसांच्या जागी बसविला जातो तेव्हा. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट खोऱ्यातील एका गायकवृंदाच्या तालमीला ६१ जण जमले होते. त्यांपैकी ५३ जणांना करोनाची बाधा झाल्याचे दिसून आले अथवा तसे मानले गेले, आणि दोघे दगावले. एकत्र गाणे हेच जिवावर बेतू लागले, तेव्हा घरी बसून एकट्याने चार सुरावटी गाणे हा शहाणपणाचाच मार्ग होता. परंतु टाळेबंदी उठल्यानंतरही हिशेब उरतो. एका चांगल्या गायिकेकडून घरबसल्या चारही सुरावटी मिळत असतील, तर पंचवीस माणसे गोळा करून त्यांचे मानधन, प्रवासखर्च आणि चहापाणी कशाला करावे, असे कोणाही व्यवस्थापकाच्या मनात येऊ शकते. ध्वनिमुद्रणापुरता हा हिशेब बरोबरही आहे. समूहगान म्हणून तो साफ चुकीचा आहे.

याचे कारण भावनिक नाही. घरच्या समूहात पहिली फेरी गाणाऱ्याला दहावी फेरी ऐकू येत नाही. मागून येणाऱ्याने पुढच्याशी जुळवून घ्यायचे, पुढचा मात्र तसूभरही हलणार नाही, असा तो एकतर्फी मामला आहे. वारकरी कीर्तनात बुवांनी चाल बदलली की मागे ध्रुपद धरणारे टाळकरी तत्क्षणी वळतात, आणि त्यांचा जोर चढला की बुवांनाही आपली लय त्यांच्या हाती द्यावी लागते. गोव्यातील चर्चमध्ये चार सुरावटींत गाणारी मंडळीही अशीच एकमेकांच्या कानाने गातात. दुसरे असे की, घरच्या समूहाला मुळातच चांगला गळा लागतो. ज्याचा एक आवाज ऐकवत नाही, त्याचे दहा कोण ऐकणार? उलट भजनी मंडळात एकट्याने उभे राहून एक ओळही म्हणण्याची छाती होणार नाही, अशी बेताच्या गळ्याची माणसे शेजाऱ्याच्या आधाराने वर्षानुवर्षे गात आली आहेत. त्यांना या नव्या व्यवस्थेत श्रोत्याखेरीज दुसरी जागा उरत नाही.

मग या साधनाचे करायचे काय? वसंत देसाई यांनी शाळकरी मुलांच्या समूहगानासाठी आयुष्यातील मोठा काळ खर्ची घातला. त्या कामाला हे साधन हाताशी असते तर त्याचा केवढा उपयोग झाला असता! अनेक शाळांत संगीतशिक्षक नाही, आणि असला तर स्वरमेळाची तालीम त्याला कोणी दिलेली नसते. अशा ठिकाणी एखाद्या जाणकार गायकाने घरी बसून चारही सुरावटी स्वतःच्या गळ्यातून गाव्यात, एकेक सुटी आणि मग सगळ्या एकत्र अशा मुद्रित कराव्यात आणि मुलांकडे पाठवाव्यात. ज्याने त्याने आपली सुरावट आठवडाभर कानात घोळवावी. तालमीच्या दिवशी यंत्र कपाटात ठेवून सतरंजी अंथरावी.